स्मृतिभ्रंशाचा आर्थिक भार बायकांवर जास्त पडतो का?

हो, आणि दोन्ही बाजूंनी. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने 2019 मध्ये डिमेन्शियाचा, म्हणजे स्मृतिभ्रंशाचा, जगभरचा खर्च 1.3 लाख कोटी डॉलर होता. त्यातला साधारण निम्मा म्हणजे घरच्यांनी फुकट केलेल्या सेवेची किंमत, आणि त्या सेवेचे सुमारे 70 टक्के तास बायकांचे.

आमच्याच घरातलं सांगते. सासऱ्यांच्या गोळ्या, एमआरआय, डायपर, सगळ्याची बिलं आमच्या ह्यांच्या फाइलमध्ये तारीखवार लावलेली. पण मोठ्या जाऊबाईंनी शिकवण्या बंद केल्या, त्याचं बिल कुठेच नाही. रात्री तीनला सासरे "मला घरी जायचंय" म्हणत दाराची कडी काढतात (घरातच असतात हो!), तेव्हा उठतात त्याच.

बाई स्वतः आजारी पडली तर आणखी पंचाईत. भारतात साठीपुढच्या बायकांमध्ये या आजाराचं प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त आहे. त्यात ती बहुधा नवऱ्यामागे उरलेली असते. मग पगारी बाई ठेवा. तो पगार द्यायचा कुठून? आयुष्यभर घर सांभाळलेल्या बाईला स्वतःची पेन्शन क्वचितच असते.