डॅलसला येतेस आणि पिस्तुलाचं विचारलंस म्हणून

तू लिहिलंस की नवऱ्याची बदली डॅलसला झाली आहे, तू एच-४ व्हिसावर, म्हणजे एच-१बीवर नोकरी करणाऱ्याच्या बायकोला मिळतो त्या व्हिसावर, येते आहेस, तो महिन्यातले पंधरा दिवस दौऱ्यावर असणार. कॉलेजात एनसीसीमध्ये ०.२२ रायफल चालवली आहेस, तर तिथे पर्समध्ये मावेल असं छोटं पिस्तूल घेता येईल का, आणि हात बसायला किती दिवस लागतील? प्रश्नात मला ताई म्हटलंस, म्हणून मीही अगं-तुगंच करते. वाचून तीन दिवस झाले. उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं होतं, पण आज पहाटे चारला जाग आली ती तुझं वाक्य डोक्यात घेऊनच, "दिवसभर घरात एकटीच असणार".

व्हिसा, विमा, ड्रायव्हिंग लायसन्स हे सगळं सरकारी संकेतस्थळांवर नीट दिलेलं आहे, ते मी सोडून देते.

तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर नाही असं आहे. एच-४, एच-१बी, एल-१, विद्यार्थी व्हिसा, यातल्या कुठल्याही तात्पुरत्या व्हिसावर असताना फेडरल, म्हणजे अख्ख्या देशाला लागू असलेल्या, कायद्याने पिस्तूल सोड, एक काडतूससुद्धा जवळ ठेवता येत नाही. तिथे गेल्यावर कुणीतरी उत्साहाने सांगेल की टेक्सासमध्ये सप्टेंबर २०२१ पासून परवान्याशिवाय पिस्तूल बाळगता येतं. ते राज्याच्या कायद्यापुरतं खरं आहे. फेडरल बंदी त्याच्या वर उभी असते. एक अपवाद आहे, शिकारीचा वैध परवाना. पण टेक्सासचा वार्षिक शिकार परवाना ३१ ऑगस्टला संपतो. १ सप्टेंबरच्या सकाळी नवा हातात नसेल तर आधार गेला. वकिलाशी बोलल्याशिवाय त्या अपवादावर पाऊल टाकू नकोस. आणि ग्रीन कार्ड मिळेपर्यंत तुझ्या नावावर नको म्हणून कुणा सिटिझन मैत्रिणीला "तू घेऊन दे" म्हणशील, तर तिने फॉर्मवर खोटं लिहिल्यासारखं होतं आणि गुन्हा दोघींच्या गळ्यात पडतो.

हे इतक्या ठामपणे सांगते, कारण मी ते मोडलं आहे. २०१३ मध्ये नवऱ्याच्या ऑफिसातल्या मंडळींबरोबर नेमबाजीच्या रेंजवर गेले. मी एच-४ वर होते. काउंटरवर कागद पुढे केला, मी सही केली, भाड्याचं पिस्तूल हातात आलं. पन्नास गोळ्या झाडल्या, फोटो काढला, तो फेसबुकवर टाकला. दोन वर्षांनी एका वकिलाच्या व्याख्यानात कळलं की रेंजवर भाड्याचं हत्यार हातात धरणं हेसुद्धा "जवळ बाळगणं"च. त्या वेळी शिक्षा दहा वर्षांपर्यंत होती, २०२२ च्या कायद्याने ती पंधरापर्यंत गेली. त्या रात्री फोटो काढून टाकला. पुढे ग्रीन कार्ड मिळेपर्यंत टपालात प्रत्येक सरकारी पाकीट आलं की माझे हात गार पडायचे. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टात रेहाइफ खटल्याचा निकाल लागला. विद्यार्थी व्हिसा संपलेला तो मुलगा असाच रेंजवर गेला होता. कोर्ट म्हणालं, आपण बंदी असलेल्या वर्गात मोडतो हे आरोपीला माहीत होतं, हेही सरकारने सिद्ध करायला हवं. मी तो निकाल नवऱ्याला न सांगता चार वेळा वाचला. तुला आता माहीत आहे, तेव्हा तुला ती पळवाट नाही. शिवाय शस्त्रांच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या बिगर-नागरिकाला देशाबाहेर काढता येतं, ग्रीन कार्ड असलं तरी.

आमचं ग्रीन कार्ड २०२१ मध्ये आलं. पुढच्या वर्षी मी दुकानात गेले. तिथे फॉर्म ४४७३ भरायचा असतो: जन्मस्थान, नागरिकत्व, एलियन नंबर म्हणजे ग्रीन कार्डावरचा क्रमांक. मग दुकानदार पूर्वेतिहास तपासायला एफबीआयच्या यंत्रणेत नाव टाकतो. नवऱ्याचं दहा मिनिटांत "प्रोसीड" आलं, म्हणजे द्यायला हरकत नाही. माझं "डिलेड", म्हणजे तपास लांबला. माझ्या पासपोर्टवर माझं आणि नवऱ्याचं नाव एकाच रकान्यात, ग्रीन कार्डवर तसंच, लायसन्सवर मात्र त्याचे दोन तुकडे. कारण तेच होतं की दुसरं काही, हे कुणी सांगत नाही. दुकानदारालाही फक्त तो एक शब्द दिसतो. मागे रांगेतली माणसं बघत होती आणि मी उगाचच हसत उभी होते. कामकाजाचे तीन दिवस उलटून उत्तर आलं नाही तर फेडरल कायद्याने दुकानदार वस्तू देऊ शकतो, पण या दुकानदाराने नाही दिली. त्याचा तो हक्क होता. शेवटी बोटांचे ठसे देऊन व्हॉलंटरी अपील फाइलसाठी, म्हणजे पुढच्या तपासण्यांत नावाचा घोळ होऊ नये म्हणून एफबीआयकडे माहिती ठेवण्यासाठी, अर्ज केला. बरेच महिने गेले आणि यूपीआयएन नावाचा माझा एक ओळख क्रमांक मिळाला. आता दर खरेदीला तो लिहिते. तुझी वेळ येईल तेव्हा आधी सगळ्या कागदांवरचं नाव एकसारखं करून घे. लग्नानंतर बदललेलं नाव असेल तर पासपोर्ट निघण्यापूर्वीच. हे कुठल्याही संकेतस्थळावर नीट लिहिलेलं नाही.

आता पिस्तुलाबद्दल, कारण तुला वाटतंय की छोटं म्हणजे सोपं. उलटं आहे गं. माझं बेरेटा २१ए बॉबकॅट, ०.२२ चं, नळी जेमतेम २.४ इंच. १९६८ च्या कायद्याने अगदी छोटी पिस्तुलं बाहेरून आणणं थांबलं, म्हणून इटलीच्या या कंपनीने ती अमेरिकेतच बनवायला घेतली. माझ्या पिस्तुलावर टेनेसी राज्याचा शिक्का आहे. मी ते निवडलं एका गोष्टीसाठी. माझ्या मनगटात जोर नाही, पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, म्हणजे स्लाइड, मागे ओढताना हात थरथरतो. बॉबकॅटला बाजूला एक खटका आहे. तो दाबला की नळीचं मागचं टोक टुपकन वर येतं, त्यात एक गोळी ठेवायची, नळी खाली दाबायची. स्लाइड ओढावीच लागत नाही. पण त्याची किंमत आहे. या पिस्तुलाला रिकामी पुंगळी खेचून काढणारा एक्स्ट्रॅक्टर नाही, पुंगळी गोळीच्याच दाबाने मागे फेकली जाते. गोळी उडलीच नाही तर ती तिथेच बसते. रेंजवर अर्धा मिनिट नळी समोर टार्गेटकडे धरून थांबायचं, मग खटका दाबायचा आणि नखाने कडा पकडून ती बाहेर काढायची. ०.२२ चं काडतूस रिमफायर, म्हणजे पेटवणारा मसाला बुडाच्या कडेत असलेलं, असल्यामुळे असं अधूनमधून होतंच. रायफलमध्ये तुझ्याही वाट्याला आलं असेल. ब्राउनिंगने १९०५ च्या सुमारास ०.२५ चं काडतूस काढलं ते याचसाठी: ताकद साधारण तेवढीच, पण पेटवणारी टोपी बुडाच्या मध्यभागी, त्यामुळे भरवशाची.

मैत्रिणीचं रुगर एलसीपी ०.३८० चं आहे, रिकामं असताना पावणेतीनशे ग्रॅमच्या आसपास. ते झाडलं की अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात वेताची छडी बसल्यासारखं वाटतं. दोन मॅगझिननंतर माझा हात आपोआप चाप ओढण्याआधीच दचकायला लागला, आणि ती दचकण्याची सवय घालवायला मला महिनाभर रिकाम्या पिस्तुलावर सराव करावा लागला. या सगळ्या छोट्या पिस्तुलांची माशी, म्हणजे नेम धरायची नळीच्या टोकावरची खूण, तांदळाएवढा उंचवटा. रायफलीवर माशी आणि मागची खाच यांत हातभर अंतर असतं, इथे चार बोटं. माशी मिलिमीटरभर हलली की पाच यार्डांवर गोळी दोनेक इंच लांब जाते. एनसीसीतला नेम इथे कामाला येईल असं धरून चालू नकोस. तिथून फक्त श्वास आणि चापावरचं बोट बरोबर येईल.

उंच बंद गळ्याचा शर्ट घाल. पहिल्या दिवशी गरम पुंगळी माझ्या गळ्यातून आत गेली, मी वळले आणि नळी माझ्याबरोबर वळली. रेंज ऑफिसरने माझं मनगट धरून पुन्हा समोर केलं. ओरडला नाही. "लेट इट बर्न," एवढंच म्हणाला. भाजू दे, पण नळी समोरच. गळ्याखाली तो डाग अजून आहे. आणि घरी आल्यावर गार पाण्याने हात-तोंड धुवून, कपडे बदलूनच मुलांना जवळ घ्यायचं, शिसं असतं अंगावर.

मुलीचं सांगायचं की नाही, ठरत नव्हतं. दुसरीत असताना तिने शाळेत चित्र काढलं: गोल टार्गेट, त्यावर सात भोकं, खाली "माय आई". त्या दिवशी शाळेत लॉकडाउनचा, म्हणजे कुणी हत्यारबंद माणूस आत शिरला तर काय करायचं याचा, सराव झाला होता, सगळी मुलं दिवे बंद करून कोपऱ्यात बसली होती. दुपारी मला फोन आला. खोलीत तीन मोठी माणसं, टेबलावर तिचं चित्र प्लास्टिकच्या पाकिटात. पिस्तूल कुठे ठेवता, किल्ली कुणाकडे, मुलीला राग येतो का. पहिले दोन प्रश्न त्यांनी विचारायलाच हवेत, मीही विचारले असते. टेक्सासमध्ये सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेलं हत्यार लागू देणं हा गुन्हा आहे. आमची तिजोरी आहे, गोळ्या वेगळ्या कपाटात. पण चित्र का काढलंस, हे तिला एकाही माणसाने विचारलं नाही. एक फॉर्म भरला गेला, तो तिच्या फाइलमध्ये आहे. काढून टाका म्हणून दोनदा पत्र लिहिलं, उत्तर "धोरणानुसार" एवढंच. त्यानंतर तिने घरात माझं एकही चित्र काढलं नाही. आता ती पाचवीच्या वर्गात आहे आणि मी अजून त्या पाकिटाच्या विचाराने जागी होते.

भारतात येताना बॅगेचा एकेक कप्पा उलटा करून झटक. रेंजवर नेलेली बॅग तर आणूच नकोस. एकदा निघण्याच्या आदल्या रात्री माझ्या पर्सच्या अस्तरात एक ०.२२ ची गोळी सापडली, पेन्सिलीच्या तुकड्याएवढी. विमानतळावर सापडली असती तर शस्त्र कायद्याखाली गुन्हा. जाणूनबुजून बाळगली नाही म्हणून कोर्टाने असे खटले रद्द केले आहेत, पण तोवर सुट्टी, पासपोर्ट आणि झोप तिघांवर पाणी सोडावं लागतं.

एकटेपणाचं मी टाळत होते. पहिली सहा वर्षं मला नोकरी करता येत नव्हती, एच-४ ला कामाची परवानगी २०१५ पासून मिळायला लागली, तीही काहींनाच. दुपारी दोन ते पाच घरात फ्रिजचा आवाज यायचा. दाराबाहेर पार्सल टाकलेलं ऐकू आलं की मी बाथरूमला कडी लावून बसायचे. मला वाटायचं, मला चोराची भीती वाटते. पिस्तूल घरात आलं त्या आठवड्यातही पार्सल आलं आणि मी तशीच आत जाऊन बसले, पिस्तूल तिजोरीत, मी बाथरूममध्ये. मग कळलं की मी ज्याला घाबरत होते ते दाराबाहेर नव्हतंच. हे नवऱ्याला मी अजून सांगितलेलं नाही, तुला सांगते आहे.

तरी मी रेंजवर जायचं सोडलं नाही, आणि ते मनापासून आवडतं म्हणून सोडलं नाही. शनिवारी सकाळी आठला कानांत बोळे, वर इअरमफ, पाच यार्डांवर कागद, पन्नास गोळ्या. माशीशिवाय डोळ्यांपुढे काही राहत नाही. तिथल्या म्हाताऱ्या रेंज ऑफिसरने पहिल्या महिन्यात माझं नाव नीट उच्चारायला शिकून घेतलं. या देशात बाराव्या वर्षी मला माझ्या नावाने हाक मारणारा तो पहिला परका माणूस.

किती दिवस लागतील, विचारलंस. मला पाच यार्डांवर सातही गोळ्या बशीएवढ्या जागेत यायला चौदा महिने लागले. तू येशील तेव्हा रेंजवर ये, काचेच्या अलीकडे बस, हत्याराला हात लावू नकोस. पंधरा दिवस तो नसेल तेव्हा दुपारी दोनला फोन कर. मी त्या वेळी घरीच असते.