गावाचं नाव आधी लिही

प्रिय मुली,

तुझा लेख वाचला आणि त्याखाली घाईघाईत लिहिलेले प्रश्नही. आपल्या धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) अंकासाठी नायजेरियातल्या ख्रिस्ती लोकांवर लिहायला घेतलंस आणि दोन्हीकडून तुझी ओढाताण सुरू झाली. काका म्हणतात, सरळ 'वंशसंहार' लिही, घाबरतेस कुणाला? कॉलेजातली मैत्रीण म्हणते, तिथलं भांडण जमीन आणि पाण्याचं आहे, त्याला धर्माचा रंग दिलास तर इथल्या द्वेष पसरवणाऱ्यांच्या हाती कोलीत देशील. तू दोघांचंही मन राखलंस, आणि चार पानांच्या लेखात एकाही गावाचं नाव उरलं नाही.

गाव लिही. तारीख लिही. कोण मेलं ते लिही. का मेलं, हे त्यानंतर.

ओवोपासून सुरू कर. नैर्ऋत्य नायजेरियातल्या ओंडो राज्यातलं हे गाव ईशान्येतल्या बोको हराम या जिहादी गटाच्या मुलखापासून फार लांब आहे. तिथल्या कॅथलिक चर्चला संत फ्रान्सिस झेवियरचं नाव आहे, ज्याचं शव आपल्या गोव्यात आहे तोच संत. ५ जून २०२२, पेन्टेकॉस्टचा रविवार. मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, संपत आली होती. बंदूकधारी आले, स्फोट झाले, गोळ्या झाडल्या गेल्या. किमान ४० माणसं गेली, त्यांत लेकरंही होती. काही दिवसांतच आयर्लंडच्या राष्ट्राध्यक्षांनी दुःख व्यक्त करताना हवामान बदलाचाही उल्लेख केला, तेव्हा ओंडोचे बिशप ज्यूड अरोगुंदादे यांनी तो संबंध जाहीरपणे फेटाळला. त्यांना राग का आला असेल, हे तुझ्या मैत्रिणीला विचार. प्रार्थनेला जमलेली माणसं कुणाच्या कुरणावर बसली होती?

पण तिचं सगळंच खोटं नाही, म्हणून आता येलवाटाला जा. बेन्वे राज्य, १३ जून २०२५ ची रात्र. इथले तिव जमातीचे शेतकरी बहुतेक ख्रिस्ती. आधीच्या हल्ल्यांत घरं सोडावी लागलेली कुटुंबं बाजारातल्या गाळ्यांमध्ये झोपली होती. हल्लेखोरांनी गाळे पेटवले. शंभराहून अधिक माणसं मेली, कित्येक झोपेतच. इथं जमिनीचं भांडण आहेच. उत्तरेकडची कुरणं आटली, फुलानी या बहुतांश मुस्लिम जमातीच्या गुराख्यांचे कळप दक्षिणेला सरकले, शेतं वाढली, गुरांच्या जुन्या वाटा बंद झाल्या, बेन्वेनं २०१७ मध्ये मोकाट चराईवर बंदीचा कायदा केला, आणि काठीच्या जागी रायफली आल्या. हे सगळं लिही. त्याच बेन्वेतलं म्बालोमही लिही, जिथं एप्रिल २०१८ मध्ये सकाळच्या मिस्सेच्या वेळी दोन धर्मगुरू आणि १७ माणसं मारली गेली. हे चराईच्या कायद्यात बसवून दाखव, असं मैत्रिणीला म्हणावं. एकाच राज्यात दोन्ही कारणं एकमेकांत इतकी गुंतली आहेत की 'नायजेरियात' एवढंच लिहिणाऱ्याला ती कधीच सुटी करता येणार नाहीत.

मी आयुष्यभर परदेशी बातम्यांच्या डेस्कवर बसलो. रात्री पान लावताना जागा कमी पडली की पहिली कात्री आफ्रिकेच्या बातमीला, आणि त्या बातमीत पहिली कात्री गावाच्या नावाला. वाचकाला ते उच्चारता येत नाही, हे कारण. मी भांडायचो. एका शब्दासाठी पान अडवतो म्हणून वरिष्ठ चिडायचे. अडवत होतो, आणि आजही अडवीन. तरी सल राहिलाच. २०१४ मध्ये बोको हरामनं चिबोकच्या शाळेतून २७६ मुली पळवल्या, ते नाव जगाला पाठ झालं. फेब्रुवारी २०१८ मध्ये दापचीहून ११० मुली नेल्या, तेव्हा आमच्याकडे चार ओळी मिळाल्या आणि त्यांत दापची नव्हतं. त्यातल्या पाच जणी मेल्या, बाकीच्या, बहुतेक मुस्लिम, महिन्याभरात घरी आल्या. लिया शरिबू आली नाही. चौदा वर्षांच्या त्या पोरीनं ख्रिस्ती धर्म सोडायला नकार दिला, म्हणून तिला ठेवून घेतलं. छळ हा शब्द वापरायला तुला अजून कुणाची परवानगी हवी आहे?

आता काकांसाठी. २८ नोव्हेंबर २०१४, कानोची मोठी मशीद, शुक्रवारची नमाज. बॉम्ब आणि गोळ्या. शंभराच्या आसपास मुस्लिम मेले. हेही लिही. समतोल साधायचा म्हणून नव्हे, मला त्या शब्दाचा तिटकारा आहे. ते घडलं, म्हणून लिही. जून २०१८ मध्ये प्लॅटो राज्यातल्या न्घर गावावर फुलानी बंदूकधारी चालून आले, तेव्हा इमाम अब्दुल्लाही अबुबकर यांनी २६२ ख्रिस्ती शेजारी आपल्या घरात आणि मशिदीत लपवले आणि दारात उभं राहून हल्लेखोरांची विनवणी केली. काका म्हणतील, या परिच्छेदानं लेख मवाळ होतो. होऊ दे. न्घर सोडलंस तर ओवोवर कुणी का विश्वास ठेवावा?

आणि लेखातला तो फोटो काढून टाक, आजच्या आज. जळालेल्या प्रेतांची रांग, खाली 'नायजेरियात ख्रिस्ती जिवंत जाळले'. तो काँगोतल्या सांगे गावचा आहे. २०१० मध्ये तिथं इंधनाचा टँकर उलटून पेटला, त्यात मेलेली ती माणसं. वर्षानुवर्षं हा फोटो खोट्या मजकुरासह फिरतोय. येलवाटाला खरोखर माणसं जळाली असताना तुला सांगेची प्रेतं उसनी कशाला लागतात? मी रागावलोय खरा, पण तुझ्यावर नाही. तू निदान विचारलंस तरी.

ऑक्टोबर २०२५ अखेर अमेरिकेच्या अध्यक्षांनी नायजेरियाचं नाव धर्मस्वातंत्र्याच्या काळ्या यादीत टाकल्याचं जाहीर केलं. तिथल्या सरकारनं आरोप फेटाळला. तेव्हापासून किती ख्रिस्ती मारले गेले यावरून आकड्यांचं युद्ध पेटलंय. त्यात पडू नकोस.

'वंशसंहार' ठेवायचा की काढायचा, ते मी सांगणार नाही. आधी ओवो, येलवाटा, म्बालोम, दापची, कानो आणि न्घर लिहून काढ, मग तूच ठरव आणि काकांना तूच सांग. रविवारपर्यंत मजकूर पाठव. लांबला तरी चालेल, संपादक फादरांशी मी बोलतो.

तुझा,
सर