अमेरिकेत एका राज्याचं ड्रायव्हिंग लायसन्स सगळीकडे चालतं, मग डॉक्टरचं का चालत नाही?

मी न्यू जर्सीतल्या एका रुग्णालयात नव्या डॉक्टरांची लायसन्सं, पदव्या, विमा हे सगळं तपासणाऱ्या विभागात काम करते, त्यामुळे हा प्रश्न रोज टेबलावर असतो. माझं मत आधीच सांगते: चालायला हवं. नर्सचं चालतंच की.

डॉक्टरांना परवाना देणं इथे पहिल्यापासून राज्यांच्या हातात आहे. १८८९ साली वेस्ट व्हर्जिनियाच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्का मारला. त्या काळी ते गरजेचंच होतं. आता मात्र यूएसएमएलई ही डॉक्टरांची परवाना परीक्षा सगळ्या देशाला एकच आहे आणि रेसिडेन्सीचे, म्हणजे पदवीनंतरच्या रुग्णालयातल्या प्रशिक्षणाचे, निकषही एकच.

नर्सेसनी हा तिढा बराचसा सोडवलाय. राज्याराज्यांत करार झालाय, त्याचं सुधारित रूप २०१८ पासून लागू आहे. राहत्या राज्याचं मल्टिस्टेट लायसन्स घेतलं की करारातल्या चाळीसहून जास्त राज्यांत काम करता येतं. न्यू जर्सी त्यात आहे, न्यू यॉर्क नाही. म्हणजे न्यू जर्सीतल्या एडिसनला राहणारी नर्स त्याच लायसन्सवर टेक्सासला जाऊन काम करेल, पण ट्रेन पकडून शेजारच्या न्यू यॉर्कमधल्या मॅनहॅटनला जायचं तर नवा अर्ज!

डॉक्टरांसाठीही करार आहे, २०१७ पासून त्यातून अर्ज घेतले जातात. पण त्यात एक लायसन्स सगळीकडे चालत नाही, प्रत्येक राज्याचं वेगळंच मिळतं, फक्त लवकर मिळतं. कराराच्या आयोगाचे ७०० डॉलर, वर प्रत्येक राज्याची फी, पुढे प्रत्येकाचं नूतनीकरण वेगळं. शिवाय यूएसएमएलईचा प्रत्येक टप्पा तीन प्रयत्नांच्या आत पास झालेला हवा. नार्कोटिक्ससारखी औषधं लिहायची तर डीईएची, म्हणजे केंद्राच्या अमली पदार्थ नियंत्रण खात्याची, नोंदणीही राज्यागणिक. याला मी अर्धवट सुधारणा म्हणते, आणि फीचं उत्पन्न सोडायला कोणी तयार नाही अशी मला दाट शंका आहे.

सगळ्यात जास्त त्रास व्हिडिओ तपासणीत होतो. कायद्याच्या दृष्टीने उपचार होतात ते रुग्ण बसलाय त्या राज्यात. कोविडमध्ये राज्यांनी हे नियम सैल केले आणि नंतर पुन्हा आवळले. मग काही रुग्ण गाडी काढून राज्याची हद्द ओलांडायचे, कुठल्यातरी पार्किंगमध्ये थांबून आपल्या नेहमीच्या डॉक्टरशी फोनवर बोलायचे आणि घरी परतायचे. भारतात मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनी नोंदणीकृत डॉक्टरला देशभरातल्या कुठल्याही रुग्णाला सल्ला द्यायची मुभा दिली. या एका बाबतीत आपण पुढे आहोत!

विरोधकांचा एक मुद्दा मात्र मला पटतो. डॉक्टरने चूक केली तर तक्रार कुठे करायची? एका राज्याने हाकललेला डॉक्टर दुसरीकडे दुकान मांडायचा, हे इथे घडलेलं आहे. त्यासाठीच १९९० पासून देशपातळीवर अशा कारवायांची नोंद ठेवली जाते, आणि ती तपासल्याशिवाय आम्ही कुणालाही रुजू करून घेत नाही. डॉक्टरांच्या करारातही मूळ राज्याने लायसन्स रद्द केलं की करारातून मिळालेली बाकीची आपोआप तशीच रद्द होतात. मग हीच सोय ठेवून लायसन्सच एक करायला काय हरकत आहे? निवृत्त सैनिकांच्या सरकारी रुग्णालयांतले डॉक्टर तर आजही कुठल्याही एका राज्याच्या लायसन्सवर देशभर काम करतात.

तुमच्या घरातलं कोणी एच-१बी व्हिसावरचं डॉक्टर असेल तर अजून एक बघा. दुसऱ्या राज्याचं लायसन्स हातात आलं तरी तिथल्या रुग्णालयात जोडकाम करता येत नाही, कारण व्हिसा ठरावीक मालकाशी आणि कामाच्या जागेशी बांधलेला असतो. तिथल्या रुग्णालयाला वेगळी याचिका दाखल करावी लागते, म्हणून लायसन्सच्या फीचे पैसे भरण्याआधी इमिग्रेशन वकिलाला विचारा.