अक्कलदाढ काढल्यावर घरी काय पथ्य पाळावं?

तुम्ही विचारलंय, खालची अक्कलदाढ उद्या काढायची आहे, टाके पडणार आहेत, तर घरी काय सांभाळायचं आणि रविवारी तांबडा-पांढरा रस्सा चालेल का. रश्श्याचं आधी सांगतो: या रविवारी नाही.

दाढ निघाली की खड्ड्यात रक्ताची गुठळी बसते. आतल्या हाडाचं तेच झाकण. ती निसटली की हाड उघडं पडतं आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी कानापर्यंत ठणका जातो, तोंडाला वास येतो. यालाच ड्राय सॉकेट म्हणतात. थुंकल्यानं, जोरात चूळ भरल्यानं, स्ट्रॉनं ओढल्यानं गुठळी निसटू शकते. म्हणून पहिले २४ तास चूळ नाही, थुंकणं नाही, लाळ गिळा. गुलाबी लाळ दिवसभर येते, घाबरू नका. सिगारेट, मावा, मिश्री निदान आठवडाभर पूर्ण बंद.

गॉजची (जाळीदार सुती कापडाची) घडी खड्ड्यावर ठेवून ३०-४५ मिनिटं घट्ट चावून धरा, सारखी काढून बघू नका. नंतरही रक्त आलं तर स्वच्छ गॉज ओला करून, पिळून, पुन्हा अर्धा तास. घडी शेजारच्या दातांवर बसते आणि खड्ड्यावर दाबच येत नाही, ही नेहमीची चूक.

दुखण्याची गोळी बधिरपणा उतरायच्या आत घ्या, पुढे डॉक्टरांनी दिलेल्या वेळेला. ठणका चढल्यावर घेतली तर उशिरा लागू पडते. पहिल्या दिवशी फडक्यात बर्फ गुंडाळून गालावर १५ मिनिटं ठेवा, १५ मिनिटं विश्रांती. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते, मग उतरते. त्या वेळी कोमट शेक द्या, जबडा हळूहळू उघडा. झोपताना दोन उशा. तालमीत जात असाल तर जोर-बैठका आठवडाभर नकोत.

दुसऱ्या दिवसापासून पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ, दर जेवणानंतर. खळखळायचं नाही: मान तिरकी करून पाणी जखमेवर धरा, मग बेसिनवर वाकून तोंड उघडा, आपोआप पडू द्या. दोन-तीन दिवसांनी आरशात खड्ड्यावर पांढुरका पापुद्रा दिसेल. तो पू नव्हे, जखम भरतेय. काडीनं खरवडू नका. लवंगेचं तेल ताज्या जखमेत घालू नका, पोळतं.

खाण्यात पहिल्या दिवशी ताक, नाचणीची आंबील, गार दूध. बधिरपणा असेपर्यंत काहीच चावू नका, गाल-ओठ चावला जातो. दुसऱ्या दिवसापासून गुरगुट्या भात, दुसऱ्या बाजूनं. भातानं पू होतो हा गैरसमज आहे. मटण शिजवाल तर अळणी, म्हणजे मटण शिजल्याचं बिनतिखट पाणी, गाळून, कोमट करून प्या, ताकद येते. पांढरा रस्सा सौम्य वाटतो, पण त्यातली मिरी झोंबते आणि तीळ-खसखस खड्ड्यात अडकते. भडंग, शेव, चिवडा तर दोन आठवडे नकोच. टाके आठवड्याभरात काढतात. विरघळणारे आहेत का, ते विचारून ठेवा.

दाबूनही रक्त थांबत नसेल, तिसऱ्या दिवसानंतर सूज वाढत असेल, ताप आला असेल, किंवा दुसऱ्या दिवशीही ओठ-जीभ बधिर असेल तर डॉक्टरांना लगेच फोन करा. गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होऊ लागला तर दवाखाना उघडायची वाट न पाहता, रात्र असली तरी सरळ सीपीआरला (कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात) जा.