कोकणात ग्रामपंचायतीच्या स्लॅबवर हिरवं छत करायचं आहे, कोणती झाडं लावावीत?

झाडांचं शेवटी बघा. आधी स्लॅबवरचं पाणी कुठून उतरणार ते ठरवा.

आमच्या राजापूर तालुक्यातल्या गावी वाचनालयावर असंच छत केलं होतं. मी बांधकाम समितीत होतो. जन्मभर साईटवर सुपरवायझरी केली, त्यामुळे हट्ट एकच धरला: माती चढवण्याआधी पाईपांना बूच मारा, दोन-तीन बोटं पाणी निदान 48 तास तुंबवून ठेवा आणि खालून छत बघा. ठेकेदार म्हणाला, "काका, मृगाचा पाऊस करेलच की टेस्ट!" उद्घाटनाची तारीख ठरली होती, म्हणून समितीतल्या गुरुजींनीही त्याचीच री ओढली. कोब्यावर थेट लाल माती आणि वर लॉन. जुलैत पाणी पॅरापेटच्या वाट्याच्या, म्हणजे स्लॅब आणि कठडा जोडणाऱ्या सिमेंटच्या गोलाईच्या वर चढलं आणि खाली कपाटांवर धार लागली. मी वर जाऊन पाईपाच्या तोंडात हात घातला, तर मुळं आणि चिखलाचा बोळा निघाला. दिवाळी अंकांचे बांधीव गठ्ठे फुगून कपाटात असे अडकले की ओढूनही निघेनात.

आता वर पत्र्याची शेड आहे आणि गावभर बोलतात, "हिरवं छत गळतं." साफ खोटं. न तपासलेला स्लॅब गळला.

वॉटरप्रूफिंग, पाण्याची चाचणी, मुळं अडवणारी शीट, निचऱ्याचा थर, जिओटेक्स्टाईल (माती अडवून पाणी खाली सोडणारं कापड) आणि मग माती, हा क्रम मोडू नका. साधी माती भिजली की 10 सेंमीच्या थराचं वजन चौरस मीटरला 200 किलोच्या आसपास जातं. वावरायच्या गच्चीला मानकात वरचा, म्हणजे माणसं-सामानाचा भार 150 किलोच धरतात. म्हणून विटांचा चुरा, परलाइट (फुलवलेल्या दगडाचे हलके दाणे), थोडं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) असं हलकं मिश्रण घ्या.

झाडांचं म्हणाल तर फोटोत दिसणारं सेडम, म्हणजे जाड पानांचं बुटकं विदेशी रोप, आपल्या संततधारेत कुजतं. जवळच्या सड्यावर जा. कातळावरच्या बोटभर मातीत तेरडा, गेंद, गवतं कशी तग धरतात ते बघा आणि तेच बी आणा. मे महिन्यात सगळं वाळलेलं दिसेल, दिसू दे. वड-पिंपळाचं रोप मात्र दिसताक्षणी उपटा.

आणि हो, इमारत जुनी असेल, खाऱ्या वाऱ्याने सळ्या गंजून प्लास्टर सुटत असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या लेखी दाखल्याशिवाय एक घमेलं मातीसुद्धा वर नेऊ नका.

पाण्याची चाचणी टेंडरमध्येच घाला आणि शेवटचा हप्ता पहिला पावसाळा निघाल्यावर द्या. कोणी उद्घाटनाची घाई केली तर सभेत उभे राहा आणि तुमचा विरोध इतिवृत्तात लिहून घ्या. माझा कोणी लिहून घेतला नाही, म्हणून ते गुरुजी आजही चारचौघांत सांगतात, "तेव्हा कोणी काही बोललंच नव्हतं."