लग्नानंतर पाहिलेले शहर तीस वर्षांनी पुन्हा पाहावे का? बर्लिनचा आमचा अनुभव

आपण विचारले आहे की, लग्नानंतरच्या पहिल्या परदेशप्रवासात पाहिलेल्या युरोपीय शहरात इतक्या वर्षांनी दोघांनी पुन्हा जावे, की तोच खर्च एखाद्या न पाहिलेल्या शहरासाठी राखून ठेवावा. आणि गेल्यास जुन्या आठवणींचा विरस होईल का. माझे उत्तर असे आहे की, जरूर जावे, मात्र पहिला प्रवास पुन्हा घडवून आणण्याच्या इच्छेने जाऊ नये. मधल्या काळात त्या शहराचे काय झाले, हे पाहण्यासाठी जावे. आमच्या बाबतीत ते शहर बर्लिन होते, म्हणून त्याच्याच आधारे लिहिते.

१९९६ च्या ऑक्टोबरमध्ये माझे पती पुण्यातील एका कारखान्यातर्फे प्रशिक्षणासाठी जर्मनीत होते आणि मी नंतर त्यांच्याकडे गेले होते. तेव्हा पूर्व आणि पश्चिम बर्लिनमधली भिंत पडून सात वर्षे होत आली होती. संसद आणि सरकार बर्लिनला हलवण्याचा निर्णय १९९१ मध्येच झाला होता, परंतु ती दोन्ही अजून बॉनमध्येच होती आणि संसदेसाठी राइशस्टागच्या इमारतीचे काम चालू होते. पॉट्सडामर प्लाट्झ येथे तर चौक असा नव्हताच. नजर पोहोचेल तिथपर्यंत क्रेन आणि पाण्याने भरलेले प्रचंड खड्डे होते. बर्लिनमध्ये भूजल जमिनीखाली अवघ्या काही मीटरवर लागते, त्यामुळे तिथे पाणबुड्यांनी पाण्याखाली उतरून पायाचे काँक्रीट घातले, आणि उपसलेले पाणी वाहून नेणारे गुलाबी नळ रस्त्यांवरून कमानीसारखे गेलेले दिसत. बांधकाम पाहता यावे म्हणून खांबांवर उभारलेली एक लाल रंगाची तात्पुरती इमारत होती, तिच्या गच्चीवरून आम्ही छायाचित्रे काढली. पूर्व भागात संध्याकाळी घराघरांतल्या शेगड्यांमधून जळणाऱ्या तपकिरी कोळशाचा वास भरून राहत असे.

२०२४ मध्ये पुन्हा गेलो, तेव्हा तो जुना अल्बम मी सोबत घेतला होता. आपणही घ्यावा, त्याच जागी त्याच पवित्र्यात उभे राहून नवे छायाचित्र काढण्यासाठी नव्हे, तर जागा शोधण्यासाठी. पॉट्सडामर प्लाट्झला आता काचेच्या उंच इमारती आहेत, आणि आपण नेमके कुठे उभे होतो हे सुरुवातीला अजिबात कळेना. अखेर छायाचित्रात क्रेनच्या गर्दीत एकटीच उभी असलेली एक जुनी इमारत माझ्या पतींच्या लक्षात आली. ती १९१२ मध्ये बांधलेली ‘वाइनहाउस हूट’. दुसरे महायुद्ध आणि नंतर भिंतीलगतची ओसाडी या दोन्हींतून त्या परिसरात टिकून राहिलेली ती जवळजवळ एकमेव वास्तू आहे. आज ती नव्या इमारतींच्या ओळीत इतकी मिसळून गेली आहे की, माहीत नसलेला माणूस तिच्याकडे दुसऱ्यांदा पाहणार नाही. तिच्यावरून दिशा धरत आम्ही ती लाल तात्पुरती इमारत कुठे असावी, हे ठरवले. त्या शोधात अर्धा दिवस गेला, आणि संपूर्ण प्रवासातील तो मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण तिथे आम्हाला दाखवायला तिसरे कोणी नव्हते. जे होते ते आम्हा दोघांच्या आठवणीतच होते.

आणि त्या आठवणी जुळत नाहीत, हेही सांगितले पाहिजे. राजवाड्याच्या चौकात तांबूस काचांची एक मोठी बंद इमारत होती, हे मला लख्ख आठवते. माझ्या पतींना ती मुळीच आठवत नाही. ती पूर्व जर्मनीची लोकसभा भरत असे ती इमारत, ‘पालास्ट डेर रेपुब्लीक’. ॲस्बेस्टॉसमुळे ती १९९० मध्ये बंद झाली आणि २००८ पर्यंत पूर्णपणे पाडण्यात आली. आता तिच्या जागी जुन्या राजवाड्याचे दर्शनी रूप पुन्हा उभारून ‘हुंबोल्ट फोरम’ हे संग्रहालय केले आहे, आणि त्याच्या समोर सांचीच्या पूर्व तोरणाची पूर्णाकृती दगडी प्रतिकृती उभी आहे. बर्लिनच्या मध्यभागी ते तोरण पाहून मला आनंद झाला, परंतु समोरचा राजवाडा मात्र अजून मनाला पटत नाही. एक इतिहास पुसून दुसरा नव्याने घडवल्यासारखे वाटते. माझ्या पतींचे मत नेमके उलट आहे. अशा मतभेदासाठी वेळ ठेवा. पहिल्या प्रवासात आपण एकमेकांची मर्जी सांभाळत हिंडतो. दुसऱ्या प्रवासात मोकळेपणाने वाद घालता येतो, आणि तो वाद शहराविषयी असतो.

भिंतीसाठी बेर्नाउअर श्ट्रासेला जावे. तिथे चौदाशे मीटर लांबीच्या पट्ट्यात स्मारक आहे. जिथे भिंत उरलेली नाही, तिथे गंजलेल्या लोखंडी सळ्या ओळीने उभ्या केल्या आहेत. त्यामुळे भिंत कुठून गेली होती हे समजते आणि तरीही पलीकडे जाता येते. त्या पट्ट्यात अडकलेले चर्च पूर्व जर्मनीच्या सरकारने १९८५ मध्ये सुरुंग लावून पाडले; २००० मध्ये त्या जागी मातीच्या भिंतींचे एक लहान प्रार्थनागृह झाले आणि शेजारी राय या धान्याचे शेत आहे.

संग्रहालयांच्या बाबतीत आधी चौकशी करावी. १९९६ मध्ये आम्ही पेर्गामोन संग्रहालयात बाबिलोनचे इश्तार द्वार पाहिले होते आणि ते पुन्हा पाहण्याची माझ्या पतींची फार इच्छा होती, परंतु दुरुस्तीसाठी ते संग्रहालय ऑक्टोबर २०२३ पासून पूर्ण बंद आहे. त्याच्या शेजारचे नोयेस म्युझेउम आमच्या पहिल्या भेटीत युद्धातले भग्नावशेष होते. वास्तुकार डेव्हिड चिपरफील्ड यांनी त्याचे पुनरुज्जीवन करताना आगीचे आणि गोळ्यांचे व्रण झाकले नाहीत, आणि २००९ पासून राणी नेफर्टिटीचा पुतळा तिथे आहे. गमावलेल्या गोष्टीच्या बदल्यात असे काही मिळते, म्हणून जुनी यादी हातात धरून फिरू नये.

मराठी माणसाने बर्लिनमध्ये आणखी एका ठिकाणी जावे, असे मला मनापासून वाटते, आणि ते मार्गदर्शक पुस्तकांत सहसा नसते. पहिल्या वेळी आम्ही डालेम या उपनगरातील भारतीय कलेचे संग्रहालय पाहून परतलो होतो. तिथून थोड्या अंतरावर इनेश्ट्रासे २२ ही इमारत आहे. १९२७ मध्ये स्थापन झालेली कैसर विल्हेल्म मानवशास्त्र संस्था तिथे होती, आणि इरावतीबाई कर्वे यांनी जर्मन मानवशास्त्रज्ञ ऑयगेन फिशर यांच्या मार्गदर्शनाखाली डॉक्टरेटचे संशोधन त्याच संस्थेत केले. कवटीच्या दोन बाजूंमधील असमानतेवरून युरोपीयांचे श्रेष्ठत्व दाखवता येईल, असा फिशर यांचा कयास होता. इरावतीबाईंनी कवट्यांची मापे घेतली आणि त्या असमानतेचा वंशाशी संबंध आढळत नाही, असा निष्कर्ष मांडला. पुढे हीच संस्था नाझींच्या वंशविज्ञानाचे केंद्र झाली. इमारतीवरील फलकात त्या गुन्ह्यांची नोंद आहे. आता तिथे बर्लिनच्या ‘फ्री युनिव्हर्सिटी’ या विद्यापीठाचा राज्यशास्त्र विभाग आहे. इरावतीबाईंचे पती दिनकर कर्वे यांनी त्याआधी जर्मनीतच रसायनशास्त्राची डॉक्टरेट मिळवली होती आणि पत्नीने तिथे जावे यासाठी त्यांचा पाठिंबा होता, ही गोष्ट आम्ही त्या फाटकाशी उभे राहून बराच वेळ बोलत होतो. पंचविशीतल्या मला हे दाखवले असते, तरी त्याचे वजन कळले नसते.

व्यवहाराच्या दृष्टीने काही सूचना. पूर्वी राहिला होता त्या भागात पुन्हा राहू नका. दुसरा भाग निवडा, म्हणजे रोजची सकाळ तुलनेने सुरू होणार नाही. दिवसात एकच मोठे ठिकाण ठेवा, कारण फरसबंदी पदपथांवर गुडघे लवकर बोलू लागतात. राइशस्टागच्या काचेच्या घुमटात प्रवेश विनामूल्य असला, तरी आधी नावनोंदणी करावी लागते आणि मूळ पासपोर्ट जवळ असावा लागतो. नवा विमानतळ शहराच्या हद्दीबाहेर, सार्वजनिक वाहतुकीच्या ए, बी, सी या भाडे-विभागांपैकी ‘सी’ विभागात येतो, त्यामुळे तिथून येताना तिन्ही विभागांचे तिकीट घ्यावे. आणि आपले शहर बर्लिन नसून दुसरे असेल, तर ते कोणते हे कळवावे. त्या शहरात मधल्या वर्षांत काय पाडले गेले आणि काय बांधले गेले, याची माहिती निघण्यापूर्वी दोघांनी मिळून वाचून ठेवावी.