आयर्विनला किती?

वाचकांचे प्रश्न : या अंकात सांगलीचा गावभाग आणि गणपती पेठ

संपादकांनी पत्रांचा गठ्ठा पाठवला आणि खाली लिहिलं, 'तुमच्याच गल्लीतलं आहे, तुम्हीच बघा.' मी काही इतिहासाचा माणूस नव्हे. गणपती पेठेत एका अडत दुकानात छत्तीस वर्षं दिवाणजी होतो आणि राहायला गावभागात, नदीपासून हाकेच्या अंतरावर. त्यामुळे जे सांगेन ते रोजच्या येण्याजाण्यातलं.

मुलीचं सासर सांगलीचं. पुढच्या महिन्यात दोन दिवस विहीणबाईंकडे जायचंय. जावई म्हणतात, 'सांगलीत बघायला काय आहे? गणपती बघा आणि भडंग घेऊन जा.' बरोबर माझ्या सासूबाई असतील, त्यांचे गुडघे दुखतात. खरंच एवढंच आहे का?
– एक भगिनी, डोंबिवली

जावईबापूंवर रागावू नका. कुठल्याही सांगलीकराला विचारलंत तर तो हेच सांगेल, आणि वर 'चहा घेणार का' म्हणेल.

पण गणपती बघायचा तर नीट बघा. लोक दर्शन घेतात, प्रसाद घेतात आणि चपला शोधायला लागतात. तो एकटा गणपती नाही, पंचायतन आहे. आवारात सूर्यनारायण आहे, चिंतामणेश्वर महादेव आहे, लक्ष्मीनारायण आहे. चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन १८०१ साली मिरजेच्या घराण्यातून वेगळे झाले आणि त्यांनी सांगलीला गादी आणली. देऊळही त्यांनीच बांधायला घेतलं. ते १८४४ च्या सुमारास पुरं झालं. तोवर सांगली हे नदीकाठचं लहानसं गाव होतं. सहा गल्ल्यांचं म्हणून सांगली, असं आमच्याकडची म्हातारी माणसं सांगत. खरं-खोटं गणपतीला ठाऊक, पण गावभागात फिरताना ते पटतं. सातवी गल्ली काढायला जागाच कुठाय?

सासूबाईंना सभामंडपात बसवा. दगडाची फरशी भर उन्हाळ्यातही गार असते. तुम्ही तेवढ्यात घाटावर जाऊन या, त्यांना नेऊ नका. पायऱ्या उंच आहेत आणि पावसाळ्यानंतर खालच्या पाचसहा पायऱ्यांवर गाळाची साय धरलेली असते. पाय ठेवला की माणूस थेट कृष्णामाईच्या ओटीत. मंगळवार आणि संकष्टी सोडून जा. भाद्रपदात जाणार असाल तर मात्र लवकर जा. प्रतिपदेलाच, म्हणजे चतुर्थीच्या तीन दिवस आधी, इथे ना ढोल ना ताशा, गुपचूप एक गणपती येऊन बसतो. आम्ही त्याला 'चोर गणपती' म्हणतो. मी लहान असताना आजीला विचारलं होतं, 'यानं काय चोरलं?' तिनं पाठीत धपाटा घातला. उत्तर अजून मिळालेलं नाही.

संध्याकाळी आयर्विन पुलावर जा. रिक्षा पुलाच्या तोंडाशी थांबते, सासूबाईंनाही जमेल. तिथून देऊळ, घाट आणि गावभागाची मागची बाजू एका नजरेत येते. सांगली नदीच्या बाजूनं बघावी. रस्त्याच्या बाजूनं ती इतर गावांसारखीच आहे.

भडंग घ्याच. लसूण तळून घातलेलं घ्या आणि घरी जाईपर्यंत पिशवी फोडू नका, मऊ पडतं.

दर पावसाळ्यात बातम्यांत 'आयर्विनला ३८ फूट', 'आयर्विनला ४२ फूट' असं ऐकतो. हे फूट कुठून मोजतात? आणि सांगलीची माणसं त्यावरून एवढी अस्वस्थ का होतात?
– एक वाचक, नागपूर

पुलाच्या खांबावर फुटांचे आकडे रंगवलेले आहेत. पाणी ज्या आकड्याला टेकलं, ती त्या घटकेची पातळी. ४० ला इशारा, ४५ ला धोका. पूल १९२९ चा, व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते खुला झाला आणि त्यांचं नाव त्याला चिकटलं. त्याआधी पलीकडच्या काठावर सांगलीवाडीला जायचं तर होडी होती. आता शेजारी नवा पूल झालाय, तरी पाणी मोजायचं ते जुन्याच खांबावर. आमच्याकडे पावसाळ्यात 'आयर्विनला किती?' हा प्रश्न 'जेवलात का?' च्या आधी येतो.

अस्वस्थ का होतात म्हणता, तर प्रत्येक घराचा स्वतःचा आकडा ठरलेला असतो. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगरसारख्या सखल भागांत ४० च्या आसपासच पाणी शिरतं. आमच्या वाड्याला त्याहून बरंच वर लागतं. त्यामुळे एकाच बातमीवर एक घर ट्रंका बांधायला घेतं आणि दुसरं कांदाभजी तळतं. कोयनेतून सोडलेलं पाणी कराडवरून खाली येतं, त्यात सांगलीच्या खाली हरिपूरला वारणा मिळते. वारणा फुगलेली असली की कृष्णेला पुढे वाट मिळत नाही. पाणी तुंबतं आणि मागे सांगलीत पसरतं. म्हणून इथे ऊन पडलं असतानाही पाणी चढतं. बाहेरच्या माणसाला हे कळत नाही. तो आभाळ बघतो, आम्ही खांब बघतो.

माझी स्वतःची फजिती सांगतो. २००५ च्या पुरात पेठेतल्या आमच्या दुकानात पाणी आलं. त्याआधी मी हिशेबाच्या वह्या, म्हणजे खतावण्या आणि रोजकीर्दी, सगळ्यांत वरच्या फळीवर रचल्या होत्या. पाणी फळीच्या दोन बोटं खाली थांबलं. मालकांनी पाठ थोपटली. मी त्या पाण्याच्या रेघेवर खिळा ठोकून ठेवला आणि चौदा वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्याला तो खिळा दाखवत आलो. २०१९ ला ऑगस्टात पाणी चढायला लागलं तेव्हा मालकांचा मुलगा म्हणाला, 'काका, वह्या गाडीत घालून विश्रामबागला नेऊ.' मी म्हटलं, 'खिळ्याच्या वर जात नाही रे.' आयर्विनला ५७ च्या वर गेलं. पाणी ओसरल्यावर शटर उचललं तर वरच्या फळीवरच्या खतावण्या फुगून एकमेकींना चिकटलेल्या, लाल कापडाचा रंग पानापानांत उतरलेला. दोन दिवस मी पानं सुट्टी करत बसलो होतो. नावे बाजू थोडीफार वाचता येत होती. जमा बाजूला नुसता गाळ.

खिळा अजून आहे. त्याच्या वर हातभर अंतरावर दुसरा ठोकला. गणपती पेठेत आणि गावभागात फिरताना भिंतींकडे बघा. कुणी तेलरंगाची रेघ ओढलीय, कुणी साल लिहिलंय, कुणी आमच्यासारखा खिळा मारलाय. तुम्ही 'प्रेक्षणीय स्थळं' विचारता तेव्हा हे कुणी सांगत नाही. माझ्या लेखी ते राजवाड्याच्या बरोबरीचं आहे.

वसंतदादा पाटील तुरुंग फोडून पळाले ते सांगलीतच ना? ती जागा बघता येते का? स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात एका ओळीत उरकलंय.
– एक विद्यार्थी, जत

सांगलीतच. २४ जुलै १९४३. तुरुंग राजवाड्याच्या आवारात, म्हणजे गणेशदुर्गात. नाव दुर्ग असलं तरी डोंगर शोधू नका, भुईकोट आहे आणि भोवती खंदक होता. स्वातंत्र्यलढ्यात पकडलेले वसंतदादा आणि त्यांचे साथी पहारेकऱ्यांची शस्त्रं हिसकावून तटावर चढले, खंदकात उड्या टाकल्या आणि नदीकडे पळाले. तारीख परत वाचा. जुलैची अखेर, कृष्णा दुथडी भरलेली. मागे बंदुका आणि पुढे ते पाणी. अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव हे दोघे गोळ्या लागून गेले. दादांच्या खांद्याला गोळी लागली आणि ते पकडले गेले. पुढे हाच माणूस राज्याचा मुख्यमंत्री झाला.

बघता काय येतं? राजवाडा चौकात उभं राहिलं की आधी रिक्षा, गाडे आणि दुचाकी दिसतात. तिथे कचेऱ्या आहेत, तुरुंगही तिथेच आहे, त्यामुळे आत हिंडता येत नाही. फोटो काढायच्या आधी पोलिसाला विचारा. पण एक करा. चौकातून नदीपर्यंत पायी जा, रमतगमत नको, झपाझप. मी सत्तरीला आलोय, मला दम लागतो. तुम्ही तरुण आहात, तरी बघा किती वेळ लागतो. आणि तेवढं अंतर पाठीवर गोळीबार घेऊन. वसंतदादांची समाधीही कृष्णाकाठीच आहे. चालणं तिथे संपवा. एक ओळ लिहिणाऱ्याला यातलं काही ठाऊक नसावं.

सांगलीला 'नाट्यपंढरी' म्हणता. पहिलं मराठी नाटक जिथे झालं ती जागा दाखवणारा एक माणूस मला भेटला नाही!
– एक नाट्यप्रेमी, पुणे

राग समजू शकतो, पण पुण्याहून आलात म्हणून जरा जपून बोलतो. ५ नोव्हेंबर १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' केलं ते चिंतामणरावांपुढे, त्यांच्याच सांगण्यावरून. कर्नाटकातून भागवत मंडळी खेळ घेऊन आली होती. ते बघून राजेसाहेब म्हणाले, आपल्या भाषेत असं काही करा. तिकीट लावून केलेला खेळ नव्हता तो, त्यामुळे आजच्यासारखं थिएटर शोधत फिरलात तर रिकाम्या हातानं परत जाल. देऊळ बांधत होते तेच आप्पासाहेब, आणि साल जवळजवळ तेच. गवंडी आणि नट एकाच पंगतीला जेवले असतील असं मला आपलं उगीच वाटतं.

५ नोव्हेंबरला या. तो रंगभूमी दिन. भावे नाट्यमंदिरात त्या दिवशी एका रंगकर्मीला भावे गौरवपदक देतात. पहिले मानकरी बालगंधर्व होते. गर्दीत पुढच्या रांगेतली आजोबा मंडळी गाठा. जागेबद्दल तीन जण तीन उत्तरं देतील आणि शेवटी आपापसात भांडतील. तोही प्रयोग फुकट बघायला मिळेल.

हळदीची पेवं अजून आहेत का? माझे वडील सांगायचे, जमिनीखाली हळद पुरून ठेवत.
– एक वाचक, बेळगाव

तुमच्या वडिलांनी बरोबर सांगितलं, फक्त 'पुरून' म्हणू नका, आमच्या धंद्यात ते 'भरून'. पेवं हरिपूरची. तिथली माती अशी चिकट की पाणी सहजी आत झिरपत नाही. वरून तोंड एवढंसं, एक माणूस उतरेल इतकं, आणि आत पोट मोठं, दोन-तीन पुरुष खोल. आतून शेणामातीनं सारवायचं, पाला आणि कडबा लावायचा, हळद भरायची आणि तोंड मातीनं बंद करायचं. वर्षानुवर्षं कीड लागत नसे. व्यापारी म्हणत, पेवातली हळद रंगानं खुलते आणि वजनाला भरते.

मी नोकरीला लागलो त्या वर्षी मालकांनी पेव उघडायला पाठवलं. तोंडावरची माती काढली आणि हमालांतला म्हातारा म्हणाला, 'पावणं, मागं सरा.' त्यानं दोरीला कंदील बांधून आत सोडला. कंदील थोडा खाली गेला आणि विझला. म्हातारा शांतपणे बिडी ओढत बसला. बंद पेवात हवा विषारी होते, दिवा जगला तर माणूस जगणार. दुसऱ्यांदा विझला. तिसऱ्यांदा तळापर्यंत तेवत राहिला, तेव्हा तो उतरला. मग वर आली ती पहिली पाटी. राजापुरी हळकुंडं, आणि असा वास की डोळ्यांत पाणी आलं. घरी गेल्यावर बायकोनं विचारलं, 'कुणाच्या लग्नाला गेला होतात?'

२००५ च्या पुरात पेवांत पाणी गेलं आणि व्यापाऱ्यांचा विश्वास उडाला. आता माल गोदामांत आणि शीतगृहांत असतो, सौदे मार्केट यार्डात होतात. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण पेवाचं तोंड शोधायचं तर आता हरिपुरात एखाद्या जुन्या माणसाला धरावं लागतं. जा मात्र जरूर. संगमेश्वराचं देऊळ आहे, कृष्णा-वारणेचा संगम आहे, वाटेत बागेतला गणपती आहे. श्रावणी सोमवारी अख्खी सांगली चालत हरिपूरला जाते. नाटककार गोविंद बल्लाळ देवल याच गावचे, तेव्हा वरच्या पुणेकर वाचकांनीही यावं.

मुलं कृष्णेत पोहायचा हट्ट धरतात. घाटावर उतरवू का?
– एक पालक, कोल्हापूर

नको. मगरी आहेत. गंमत करत नाही. मुलांना पुलावर न्या, तिथून नशिबात असेल तर दिसेल.